क्लब हाऊसमधील रेल्वे: पुणे भेटीनंतरची चर्चा

ए-३०२:
सोसायटीच्या सर्व सदस्यांस नमस्कार. गणेशोत्सवाच्या आराशीसाठी क्लब हाऊसमधील टेबल टेनिसच्या टेबलावर कोल्हापूर–मिरज मार्गाचे चालते मॉडेल करायचे ठरले, पण आराखडा अडला होता; म्हणून आम्ही काही जण पुण्यात कोथरूडला जाऊन जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलो. मुले गाड्या मोजत होती, मी मात्र गाडी नजरेआड होते त्या जागा शोधत होतो. सगळा मार्ग एका दृष्टिक्षेपात दिसला, तर गाडी नुसतीच गोल फिरते. तीच डोंगराआड काही क्षण गेली, की ती कुठून तरी येऊन कुठे तरी निघाली आहे असे वाटू लागते. आपल्या कागदावरच्या आराखड्यात अशी एकही जागा नाही.

बी-१०४:
काका, मुलांना एका रुळावरून दुसरा रूळ नेणारा पूल हवा आहे. तो बसेल का?

ए-३०२:
टेबल टेनिसचे टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद असते. १:८७ प्रमाणात, म्हणजे प्रत्यक्षाच्या ८७ पट लहान आकारात, वरची गाडी खालच्या गाडीवरून जायची, तर दोन रुळांच्या उंचीत सुमारे ८ सेंटिमीटर अंतर लागते, आणि शंभराला दोन या चढाने तेवढी उंची गाठायला ४ मीटर लागतात. उतरायला आणखी ४. आपला पूर्ण वळसा जेमतेम साडेसहा मीटरचा होईल, तेव्हा पुलाचा नाद सोडावा हे बरे.

सी-२०१:
भावजी, मग त्यात कोल्हापूर दिसणार कुठे? आपले स्थानक तर शेवटचे. तिथे रूळ संपतात.

ए-३०२:
वहिनी, मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मते तीच आपली जमेची बाजू आहे. ६० सेंटिमीटर त्रिज्येचा वळसा टेबलाच्या मागील कडेला सरकवला, तर पुढे सुमारे २० सेंटिमीटरची पट्टी उरते. त्या पट्टीवर शाहू महाराज टर्मिनस बसवता येईल. गाडी स्थानकात शिरेल, इंजिन सुटून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाईल, पुन्हा जोडले जाईल आणि गाडी मिरजेकडे निघेल. पाहणारा थांबतो तो अशा हालचालीपाशी. आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीचा, प्रवासी डबा प्रत्यक्षात सुमारे २१.३ मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटरचा. त्यामुळे चार डबे आणि इंजिन मिळून सव्वा मीटर होते. महालक्ष्मी एक्सप्रेस पुऱ्या डब्यांची हवी असा हट्ट कृपया कोणी धरू नये.

बी-१०४:
वळशाचा मागचा भाग जोतिबाच्या डोंगराआड लपवू या.

सी-२०१:
जोतिबा वायव्येला आहे आणि रेल्वे रुकडीकडे पूर्वेला जाते. डोंगरच हवा असेल तर हातकणंगल्याजवळचा, आळत्याचा रामलिंगाचा घ्यावा आणि त्याआधी पंचगंगेवरचा पूल दाखवावा. त्या पुलासाठी रूळ चढवावा लागत नाही, शेजारची जमीन खाली घेतली की झाले.

ए-३०२:
उत्तम सूचना. डोंगराचा मागचा भाग मात्र उघडा ठेवावा लागेल, कारण गाडी रुळावरून घसरते ती बहुधा हात पोहोचत नाही अशाच ठिकाणी.

डी-४०३:
टेबल टेनिस खेळणाऱ्यांच्या वतीने लिहितो. उत्सवापुरते टेबल द्यायला आमची हरकत नाही, परंतु दोन महिने आधीपासून ते अडवून ठेवू नये.

ए-३०२:
दादा, त्यासाठीच १२ मिलिमीटरच्या प्लायचे, खाली आडव्या पट्ट्या ठोकलेले दोन सुटे भाग करू. प्रत्येक भाग १.३७ मीटर लांब होईल. काम माझ्या पार्किंगमध्ये चालेल आणि टेबल फक्त शेवटच्या जुळणीला लागेल. दोन भागांच्या जोडावर गाडीचा रूळ बदलणारा एकही सांधा येऊ द्यायचा नाही, तिथून केवळ सरळ रूळ जातील, म्हणजे भाग वेगळे करताना काही मोडणार नाही. प्लायला दोन्ही बाजूंनी रंगाचे हात देणे आवश्यक आहे, कारण इथल्या पावसाळी दमटपणात ते फुगते आणि मग रूळ वर-खाली होतात.

डी-४०३:
असे असेल तर टेबल आरतीच्या आदल्या रविवारी मिळेल. जाळी आणि तिचे खांब कृपया कपाटात ठेवावेत, डोंगरासाठी वापरू नयेत.