राजांगणात नाटक बसवतोय, मामांचा चढा आवाज कसा खाली आणू?

प्रश्न (पेडणे)

नमस्कार. आम्ही सातजण मिळून पाऊण तासाचं नाटक बसवतोय. लिहिलंय मीच. दोन भाऊ घराच्या वाटण्या करायला बसतात, एवढीच गोष्ट. दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्यामधल्या एका शनिवारी आमच्याच जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात, प्रयोग आहे. तिकीट नाही, शेवटी ताट फिरवणार. दाटीवाटीने साठ माणसं बसतील.

थोरल्या भावाचं काम माझे मामा करतात. गावच्या जत्रेत तीस वर्षं राजा तेच. पालखी देवळात आली की मध्यरात्र उलटून नाटक उभं राहायचं, आणि मामांचा शब्द पार खाज्यांच्या दुकानांपर्यंत पोचायचा. मी आजीच्या मांडीवर झोपलेला असायचो, तो त्यांच्या 'प्रधानजी!' या हाकेने जागा व्हायचो. त्या हाकेमुळेच मी नाटकाला लागलो. आता तोच आवाज वीस फुटांच्या राजांगणात अंगावर येतो. 'माडीवरची खोली तू घे' हे साधं वाक्य, पण मामा राज्य दान केल्यासारखं म्हणतात. शिवाय बोलताना सवयीने समोर वळतात. आमचे प्रेक्षक तीन बाजूंना बसणार, म्हणजे धाकटा भाऊ त्यांच्या पाठीशी बोलतोय असं दिसतं.

परवा मी 'मामा, जरा हळू' म्हटलं. पुढचा सगळा प्रवेश ते इतक्या बारीक आवाजात बोलले की मलाच ऐकू येईना. चहा पिताना म्हणाले, "माका जमना जाल्यार दुसऱ्याक घे." मला दुसरा कुणीही नको. काय करू? आणि एक, राजांगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन आहे, त्याच्यामुळे एका बाजूच्या लोकांना धड दिसत नाही.

उत्तर (फोंडा)

बाबा, 'हळू' हा शब्द त्यांच्यापुढे पुन्हा काढू नकोस. उघड्या मांडावर, शेकडो माणसांत, कुठे पोर रडतंय, कुठे चणे विकतायत, तिथे ज्याचा आवाज पोचला तोच नट. ही त्यांनी कमावलेली विद्या आहे. मीही जत्रेत पुष्कळ कामं केली आणि नंतर लहान खोलीत उभा राहिलो तेव्हा हातांचं काय करायचं तेच कळेना.

त्यांच्या हाताला काम दे. आदोळीवर, म्हणजे नारळ किसायच्या विळीवर, बसवून नारळ किसायला लाव, खरा नारळ. खाली वाकलेला माणूस गर्जत नाही, श्वास कामाबरोबर तुटतो आणि वाक्यही तिथेच तुटतं. धाकट्याला समोर तीन फुटांवर बसव. त्याने कीस ओढून घ्यायचा, करवंटी बाजूला ठेवायची. आपसूक मामा त्याच्याकडे बघून बोलतील. तालमीला आणखी कुणालाही बसू देऊ नकोस, चार माणसं दिसली की जुना नट पुन्हा जत्रेत जातो.

उत्तर (मडगाव)

वरच्या दादांचं पटलं, पण आवाज सगळाच काढून घेऊ नका. बंगाली नाटककार बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात पडद्याचा रंगमंच सोडला आणि खोलीत, मैदानात, प्रेक्षकांच्या मध्येच नाटक केलं. त्यातल्या खोलीतल्या नाटकाला ते अंगणमंच म्हणत. तिथे नट कुजबुजायचेही आणि ओरडायचेही. अंतर हातभर असलं की मोठा आवाज वर्मी लागतो, म्हणून तो जपून वापरायचा. तुमच्या नाटकात मामांना पूर्ण आवाज लावायला एकच जागा द्या. कुठली ते त्यांनाच विचारा.

आणि तुळस अडचण कशी? दोन भाऊ वाटण्या करतायत ना? मग तुळस कुणाच्या वाट्याला येते? मी तर ती मध्ये तशीच ठेवीन आणि दोघांना तिच्या दोन अंगांना बसवीन. ज्यांना एक भाऊ दिसत नाही, त्यांना दुसरा ऐकतानाचा दिसेल. मला हे फार आवडलं, खरंच.

उत्तर (वाळपई)

मी उजेडाचं तेवढं सांगतो. जुन्या घरात भिंतीवरचा सॉकेट बहुधा ५ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ११५० वॉट. ५०० वॉटचे दोन हॅलोजन लावलेत की तो भरला, वर एखादी इस्त्री-किटली लागली तर फ्यूज जाईल. शिवाय तापतात. दोन एलईडी पार (नाटकाला वापरतात ते डब्यासारखे दिवे) भाड्याने आणा आणि नटांवर न मारता चुन्याच्या भिंतीवर मारा, उजेड परत येऊन मऊ पडतो. तीन बाजूंना माणसं असताना सरळ मारलेला दिवा कुणाच्या तरी डोळ्यांत जातोच.

बैठक अशी करा: पुढे चटया, मागे बाकं, सगळ्यांत मागे ओट्यावर खुर्च्या. माईक अजिबात नको. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, तो प्रश्नच मिटला.

मूळ प्रश्नकर्ता (पेडणे)

काल तालीम झाली. आजीची आदोळी आणली, दोन नारळ फोडले. पहिल्या नारळाला मामा गप्पच होते, नुसते किसत होते. मग मान वर न करता म्हणाले, 'माडीवरची खोली तू घे,' आणि किशीतला करवंटीचा तपकिरी कण बोटाने काढून बाजूला टाकला. धाकटं काम करणारा पोरगा आपलं वाक्यच विसरला.

मोठ्या आवाजाची जागा मी त्यांना विचारली. मला वाटलं भांडणाची निवडतील. त्यांनी शेवटची निवडली, भाऊ निघून गेल्यावर आईला हाक मारतात ती. त्या हाकेला स्वयंपाकघरातून माझी आई खरंच बाहेर आली.

तुळस मध्येच ठेवतोय. पार भाड्याने कुठे मिळतील, म्हापशाच्या जवळपास कुणाला ठाऊक असलं तर सांगा.