मोटरहोम चालवताना सेफ वाटतं म्हणजे नक्की काय वाटतं?

मागची_सीट

मोठ्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, विषय निघाला की चालवणारे हमखास म्हणतात, कारपेक्षा यात जास्त सेफ वाटतं, उंचावर बसतो, लांबचं दिसतं, गाडी एवढी मोठी की बाकीचे आपोआप बाजूला होतात. मला हे वाटणंच डेंजर वाटतं, म्हणून धागा काढतोय.

क्लास ए म्हणजे बससारख्या सपाट तोंडाच्या गाड्या. त्यात ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्याही पुढे किंवा बरोबर वर बसतो. समोर काय, तर काच आणि खाली फायबरग्लासचा पत्रा. कारला नाक असतं, धडक बसली की ते चेपतं आणि तेवढी एनर्जी खातं, इथे चेपायला जागाच नाही, पहिले चेपणार ते ड्रायव्हरचे गुडघे. पेट्रोलवाल्यात इंजिन निदान पुढे दोन सीटच्या मध्ये तरी असतं, डिझेल पुशरमध्ये, म्हणजे मागून ढकलणाऱ्या डिझेल इंजिनवाल्यात, तेही मागे. वरची बॉडी म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडाच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या शीट्स. बहुतेक क्लास ए मध्ये एअरबॅगही नसते, कारण अमेरिकेत एअरबॅगची सक्ती 8,500 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 3.8 टनांपर्यंतच्या गाड्यांनाच आहे आणि या गाड्या त्याच्या कितीतरी वर जातात.

मग सेफ वाटतं ते कशाच्या जोरावर? सीटच्या उंचीच्या?

जुना_गिअर

साफ असहमत. आयुष्य ट्रक आणि बस चालवण्यात गेलं, आता मोटरहोम चालवतो. धडक झाल्यावर काय चेपेल यावर अख्खी पोस्ट लिहिलीत, पण धडक होऊच नये यासाठी जे लागतं ते या गाडीत कारपेक्षा जास्त आहे. पुढच्या चार गाड्यांच्या डोक्यावरून दिसतं, त्यामुळे ब्रेकलाइटची साखळी पेटायच्या आधीच मी पाय उचललेला असतो, आणि कारवाला समोरच्या एसयूव्हीचं बूड बघत चाललेला असतो, त्याला काय दिसणार.

आणि बसवालाही सपाट तोंडाच्याच गाडीत बसतो ना? रोज बसतो. त्याला कोणी विचारत नाही तुला सेफ कसं वाटतं म्हणून.

मागची_सीट

बसवाल्याला वेगळं लायसन्स लागतं, मेडिकल होते, ट्रेनिंग होतं, काका. इथे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बारा मीटरचं धूड साध्या कारच्या लायसन्सवर चालतं. कॅलिफोर्नियात 40 फुटांच्या वर गेलं की वेगळं नॉनकमर्शियल क्लास बी लायसन्स मागतात, पण 39 फुटांची घेतली की सुटलात! ब्रिटनमध्ये तर आणखी गंमत, 1 जानेवारी 1997 च्या आधी कारची टेस्ट पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी त्याच लायसन्सवर चालवता येते, नंतरच्यांना साडेतीन टन. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर हॅचबॅक चालवली ते रिटायर झाल्यावर थेट साडेसात टनात, एक धडाही न घेता.

शेजारची_खिडकी

तुम्हा दोघांचं चालू द्या, पण ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्यांना कोणी विचारतच नाही. नवऱ्याला एकदम सेफ वाटतं, मी मात्र पूर्ण वेळ आर्मरेस्ट घट्ट धरून असते, कारण ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या बाजूला बसतो आणि त्याला समोरून येणाऱ्या गाड्यांची भीती वाटते म्हणून तो गाडी नकळत माझ्या बाजूला सरकवतो, आणि माझ्या खिडकीखाली आधी पांढरी पट्टी गायब होते, मग डांबर गायब होतं आणि मग खडी वाजायला लागते. हे त्याला दिसत नाही, मला दिसतं. सांगितलं की म्हणतो तू घाबरट आहेस.

जुना_गिअर

ताई, तुम्ही घाबरट नाही, बरोबर बोलताय. नवीन माणूस बॉनेटच्या पुढचे दहा मीटर बघून चालवतो, त्यामुळे सारखा डावीउजवी करत बसतो. नजर लांब टाकायची, रस्ता जिथे संपल्यासारखा दिसतो तिथे, आणि दोन्ही साइड मिररमध्ये पट्टी आणि मागचं चाक यातलं अंतर बघत राहायचं. दोन्हीकडे सारखं दिसलं की गाडी मधे आहे. नवऱ्याला आधी मिरर नीट लावायला सांगा, निम्म्या लोकांचे मिरर आभाळ दाखवत असतात.

हवा_बघा_आधी

सगळे धडकेवर आणि मिररवर भांडताय, टायरचं नाव नाही. मोटरहोमचा खरा घातक प्रकार म्हणजे पुढचं टायर स्पीडमध्ये फुटणं.

ट्रकचं टायर झिजून मरतं, मोटरहोमचं म्हातारं होऊन. गाडी वर्षातले बहुतेक दिवस उभी, नक्षी एकदम नव्यासारखी, मालक खूश, आणि आत रबर कडक झालेलं. टायरवर डीओटी कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, 2319 असेल तर 2019 चा 23 वा आठवडा. मी तरी सहा-सात वर्षांच्या पुढे पुढच्या एक्सलला ठेवत नाही, नक्षी कितीही असो.

गुडइयर जी159 चं प्रकरण वाचा. 1996 ते 2003 मध्ये बनलेलं टायर, कितीतरी मोटरहोमना कंपनीतूनच बसवलेलं. हे मुळात शहरातल्या डिलिव्हरी ट्रकसाठीचं टायर, हायवेच्या स्पीडला तापून ट्रेड, म्हणजे वरचा नक्षीचा थर, सुटतो, असा आरोप होता. रिकॉल कधी? 2022 मध्ये, सुमारे 1 लाख 73 हजार टायरचा, तोही अमेरिकन सेफ्टी खात्याने मागे लागल्यावर. खात्याच्या हिशेबाने 1998 ते 2009 मध्ये 8 माणसं गेली आणि 69 जखमी झाली. त्या सगळ्या ड्रायव्हरांनाही फुटायच्या आदल्या मिनिटापर्यंत सेफच वाटत असणार.

मागची_सीट

+1. हेच तर म्हणतोय.

जुना_गिअर

अहो पण टायर फुटलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. फुटल्यावर माणूस घाबरून ब्रेक दाबतो, तिथे गाडी जाते. ब्रेकला हातच... म्हणजे पायच लावायचा नाही. ॲक्सिलरेटर क्षणभर दाबून धरायचा, स्टीअरिंग घट्ट आणि सरळ, गाडी लाइनीत आली की हळूहळू पाय उचलायचा आणि ती आपोआप मंदावू द्यायची. उलटं वाटतं, पण फुटलेलं चाक एका बाजूला ओढतं त्याच्याविरुद्ध इंजिनचा जोर लागतो. हे माहीत असलेल्याला सेफ वाटलं तर काय चुकलं?

हवा_बघा_आधी

माहीत असणं आणि त्या सेकंदाला पाय तसा पडणं यात फरक आहे काका. तुमचा पडेल, भाड्याने घेऊन निघालेल्याचा पडणार नाही. त्यापेक्षा फुटूच नये ते बघा. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या, आणि नुसतं एकूण वजन नको, प्रत्येक चाकाचं वेगळं घ्या. 300 लिटरची पाण्याची टाकी फुल केली की तिथेच 300 किलो वाढले, टाकी एका बाजूला असली तर त्यातले बहुतेक त्याच बाजूच्या टायरवर. मग टायर कंपनीच्या लोड टेबलप्रमाणे, म्हणजे किती वजनाला किती हवा त्या तक्त्याप्रमाणे, हवा भरा. अंदाजाने हवा भरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

छोटं_नाक

माझं मत दोघांच्या मधलं नाही, वेगळंच आहे. क्लास सी घ्या. पुढची केबिन व्हॅनची किंवा पिकअपची, कंपनीने बनवलेली, समोर नाक, स्टीअरिंगमध्ये एअरबॅग, दरवाजे खऱ्या दरवाज्यासारखे बंद होतात. चालवताना व्हॅनच चालवतोय असं वाटतं, फक्त मागे घर आहे हे विसरायचं नाही.

मागची_सीट

मागे घर आहे ना, तिथेच गोची आहे. पुढे बसलेले दोघं एअरबॅगमध्ये, आणि मागची पोरं डायनेटच्या, म्हणजे जेवायच्या टेबलाच्या, आडव्या बाकावर. त्यातले कित्येक बाक प्लायवूडच्या खोक्यावर उभे असतात, बेल्ट असला तरी तो कशाला बांधलाय ते एकदा गादी उचलून बघा. शिवाय ओव्हन, खण, सिलिंडर. ब्रेक मारला की ते सगळं पुढे येणार.

छोटं_नाक

बाकाचं मान्य. आमच्याकडे चालत्या गाडीत कोणी उठत नाही हा नियम आहे, पाणी पाहिजे तर गाडी थांबेल.

वातकुक्कुट

अजून वाऱ्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. ढोबळ हिशेब बघा: दहा मीटर लांब, तीन मीटर उंच म्हणजे बाजूचा पत्रा 30 चौरस मीटर. ताशी 60 किमीचा आडवा वारा असेल तर त्या पत्र्यावर साधारण अर्ध्या टनाचा जोर येतो. तो एकसारखा आला तर माणूस स्टीअरिंग थोडं धरून जुळवून घेतो, त्रास होतो तो डोंगर संपून मोकळा पूल लागतो तेव्हा, किंवा ट्रेलर ओव्हरटेक करतो तेव्हा, आधी बाहेर ढकलतो आणि मग पुढे गेला की आत ओढतो. स्टीअरिंग स्टॅबिलायझर (स्टीअरिंगचे झटके खाणारा), जाड अँटीरोल बार (गाडी कलणं कमी करणारा दांडा) वगैरे लावून गाडी बरीच शहाणी होते, पण ते लावल्यावर लोक 90 वरून 110 वर जातात, हा माझा आक्षेप. 80 वरून 100 वर गेलात तरी थांबवायची एनर्जी दीडपटीहून जास्त होते, ती ब्रेकलाच खायची असते.

जुना_गिअर

ब्रेकवरून आठवलं, उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी मंद करणारा) असेल तर घाट सुरू व्हायच्या आधी लावा, मधे नाही. पाय ब्रेकवर ठेवून उतरणारा माणूस खाली पोचेपर्यंत ब्रेक तापवून ठेवतो आणि खालच्या वळणावर त्याला कळतं.

बाकी धागाकर्त्यांना एक विचारतो. तुम्हाला ड्रायव्हरला भीती वाटलेली हवी आहे का? घाबरलेला ड्रायव्हर मी बघितलाय, तो हायवेवर 50 ने चालतो, विनाकारण ब्रेक मारतो, लेन बदलायची म्हटली की अर्धा आत अर्धा बाहेर थबकतो. त्याच्या मागे मला चालवायचं नाही.

मागची_सीट

भीती नको, पण "एवढी मोठी गाडी, मला काय होणार" हेही नको. तुमची सुरक्षितता अनुभवातून आली आहे, बाकीच्यांची उंच सीटवरून आली आहे, आणि दोघंही शब्द एकच वापरतात. मग नवीन माणसाने पहिल्यांदा घेताना काय करावं ते तरी सांगा.

जुना_गिअर

आठ मीटरच्या आतली घ्या. रिकाम्या पार्किंगमध्ये पट्टीला समांतर उभी करा, स्टीअरिंग फुल तोडा आणि हळू पुढे घ्या, दुसऱ्या कोणाला तरी बाहेर उभं करून मागचं टोक पट्टीच्या किती पलीकडे जातं ते मोजा. मागच्या चाकामागे जेवढी गाडी जास्त लटकलेली तेवढं ते टोक वळणाच्या उलट बाजूला फेकलं जातं. पंपाचे खांब आणि शेजारच्या गाडीचे आरसे त्यातच जातात. उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, एसीसकट. आणि वारा सुटला असेल तर निघू नका, बुकिंग गेलं तर जाऊ दे.

शेजारची_खिडकी

आणि शेजारचा माणूस "कडेला गेली" म्हणाला की वाद न घालता आत घ्या, हेही लिहा काका.

जुना_गिअर

लिहिलं समजा, ताई.

मागची_सीट

पार्किंग, उंची, वारा, ताई, सगळं मान्य. क्लास ए च्या तोंडाबद्दल माझं मत होतं तेच आहे, तिथे अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

हवा_बघा_आधी

आणि डीओटी कोड बघून आलो असं सांगणारा एकही जण अजून दिसला नाही.