इंदुरात सफरचंद: पानं भरगच्च, फुलं पाच-सहाच. थंडी कमी पडते का?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. अंगणात एचआरएमएन-९९ जातीचं सफरचंद आहे. जमिनीत लावून तीन वर्षं झाली. माती काळी, पाणी रोज सकाळी, दर दोन महिन्यांनी शेणखत आणि मूठभर युरिया. झाड आठ फूट वाढलंय, फांद्या झाडूसारख्या सरळ वर. डिसेंबर संपत आला तरी पानं हिरवीगार. फेब्रुवारी ते एप्रिल शेंड्यांवर एकेक करत पाच-सहा फुलं येतात, फळ धरत नाही. नर्सरीवाल्याचं एकच उत्तर: "ठंड नहीं मिली."

मला विचारायचंय ते असं. चार ऋतूंच्या प्रदेशातल्या झाडांना थंडी "लागते" म्हणजे नेमकं काय, आणि इंदुरात किती मिळते हे मोजायचं कसं? पानं आपण काढली तर चालतात का? ट्यूलिपचे कंद फ्रिजमध्ये ठेवून इथे फुलतात म्हणे, खरं का? आणखी एक. मुलीच्या पुस्तकात ऑटम म्हणजे शरद, आणि चित्रात पानगळ. आपल्याकडे शरदात तर सगळं हिरवं असतं. चूक कोणाची?

मृगसरी

नर्सरीवाला अर्धा बरोबर आहे.

समशीतोष्ण पट्ट्यातल्या झाडाची खरी भीती थंडीची नसते, फसव्या उबेची असते. जानेवारीत चार दिवस ऊन पडलं म्हणून कळ्या उघडल्या, तर पुढच्या कडाक्यात त्या जळतात आणि वर्ष वाया जातं. म्हणून झाड कळीला दोन कुलपं लावतं. पहिलं आतलं. ठरावीक थंडी भोगून झाल्याशिवाय ते निघत नाही, बाहेर कितीही ऊब असो. ते निघालं की दुसरं. मग पुरेशी ऊब साठली की कळी फुटते. इंदुरात तुमचं झाड पहिल्या कुलपाशीच अडकलंय, आणि तेही अर्धवट लागलेलं.

अर्धवट का, ते सांगतो. बर्च, पॉपलर यांसारखी झाडं दिवस आखूड होऊ लागला की हिवाळा ओळखतात. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांच्या वर आणि डिसेंबरात आठ तासांहून कमी, तेव्हा ही खूण पक्की. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, आपला दिवस साडेतेरा ते पावणेअकरा तास एवढ्यातच फिरतो. पण सफरचंद आणि नाशपाती दिवसाच्या लांबीकडे बघतच नाहीत. त्यांना झोपायला साधारण १२ अंशांखालची सलग थंडी हवी. आपल्या दुपारी २६-२७ अंशांच्या असतात, म्हणून झाडाला झोप लागत नाही. त्यातून तुमचा युरिया आणि रोजचं पाणी त्याला जागं ठेवतंय.

आता मोजमाप. जुनी पद्धत म्हणजे ० ते ७.२ अंशांमधले तास मोजणे. रेड डेलिशियस या सफरचंदाच्या जातीला असे १००० च्या आसपास तास लागतात. इंदुरात जानेवारीचं सरासरी किमान तापमान १० च्या आसपास, म्हणजे बहुतेक रात्री शून्य तास. थंडीची लाट आली आणि पारा ५-६ वर गेला तर पहाटेचे तीन-चार.

दुसरी पद्धत १९७४ ची, युटा मॉडेल. २.५ ते ९.१ अंशांना तासाला एक गुण, ९.२ ते १२.४ ला अर्धा, १२.५ ते १५.९ ला शून्य, १६ ते १८ ला उणे अर्धा आणि १८ च्या वर उणे एक. जानेवारीतला नेहमीचा दिवस मांडून बघा. पहाटेचे सहा तास १२ च्या खाली, म्हणजे ३ गुण. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत १८ च्या वर, म्हणजे उणे १०. इंदूरचं खातं कायम तोट्यात.

हे खरं असतं तर इथे कुठल्याच सफरचंदाला एक फूलही आलं नसतं. म्हणून उष्ण हिवाळ्यासाठी १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये डायनॅमिक मॉडेल मांडलं गेलं. त्यात थंडी दोन टप्प्यांत जमते. पहिल्या टप्प्याची कमाई दुपारच्या उन्हात विरघळू शकते, पण एक वाटा पूर्ण झाला की तो कायमचा जमा. कमी थंडीच्या जाती आपल्याकडे निदान पानं-फुलं दाखवतात, ते का हे या हिशेबाने समजतं.

तुमच्या जातीबद्दल. हरिमन शर्मांनी ती हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी निवडली. गावाची उंची सुमारे १८०० फूट, आणि गंमत म्हणजे इंदूरची उंचीही जवळपास तेवढीच. पण पनियाला ३१ अंश अक्षांशाच्या वर आहे, इंदूर २२.७ वर. उंची सारखी म्हणून हिवाळा सारखा नसतो. जाहिरातीतली "४५ डिग्रीतही सफरचंद" ही ओळ वाचताना हे ध्यानात ठेवा. उन्हाळा सोसणं वेगळं आणि थंडीवाचून फुलणं वेगळं.

काळी_माती

वरचा हिशेब पटला. आता करायचं काय ते.

थंडी आणता येत नाही, पण गाढ झोप टाळता येते. इंडोनेशियात जावा बेटावर बाटू नावाचं गाव आहे, विषुववृत्तापासून आठच अंश दूर. तिथे हिवाळा नाही, तरी वर्षाला सफरचंदाचे दोन बहार घेतात. युक्ती एकच: फळ उतरवलं की महिनाभराच्या आत सगळी पानं हाताने काढायची. कळी गाढ झोपेत जायच्या आधीच तिला फुटायला लावायचं. द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीत साधारण हेच साधतात.

तुमच्यासाठी वेळापत्रक असं. ऑगस्टनंतर नत्र पूर्ण बंद. नोव्हेंबरच्या मध्यापासून चार-पाच आठवडे पाणी तोडा. काळी माती ओल धरते, म्हणून झाड मरणार नाही, पण कोवळ्या फांदीची साल सुरकुतली तर अर्धी बादली द्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पानं काढा.

काढताना ओरबाडू नका. देठाच्या बगलेतच पुढची कळी असते, पान ओढलं की ती सालीसकट निघते. कात्रीने फक्त पातं कापा, देठ राहू द्या. देठ आठ-दहा दिवसांत आपोआप गळतो. पात्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक देठाच्या बुडाशी पोहोचत असतं तोवर तिथला सांधा पक्का राहतो. पातं गेलं, ऑक्सिन थांबलं, सांधा सुटला. थंड देशात पानगळीला हेच घडतं, फक्त तिथे कात्री हवामानाच्या हातात असते.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हलकी छाटणी: मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या एवढंच. मग एक भरपूर पाणी. खताचा हिमाचलातला हिशेब झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे १० किलो शेणखत आणि ७० ग्रॅम नत्र असा आहे. तीन वर्षांच्या झाडाला ३० किलो शेणखत द्या, पण नत्र निम्मंच, म्हणजे युरिया सव्वादोनशे ग्रॅम, आणि तेही दोन हप्त्यांत, फेब्रुवारी आणि जूनमध्ये. तुमच्याकडे युरिया जास्त होतोय हे फांद्यांवरूनच दिसतंय.

झाडूसारख्या फांद्या हा थंडीइतकाच मोठा दोष. उभ्या फांदीत शेंड्याची कळी खालच्या सगळ्यांना दाबून ठेवते. थंडी कमी पडली की हा दाब आणखी वाढतो. मग शेंड्यावर पानांचा झुपका, मध्ये उघडी काठी आणि फूल फक्त टोकाला, तुम्ही लिहिलंय तसंच. चार-पाच चांगल्या फांद्या निवडा, सुतळीने खुंट्यांना बांधून आडव्याकडे आणा, खोडाशी ६० अंशांचा कोन ठेवा. सुतळीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर साल कापते. हे जूनमध्ये करा, कारण पुढच्या वर्षाची फुलकळी आदल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच आकार घेते. म्हणून या डिसेंबरात पानं काढून येत्या फेब्रुवारीत चमत्कार होणार नाही. जेवढ्या कळ्या आधीच तयार आहेत तेवढ्याच एकत्र फुटतील.

एकत्र फुटणं महत्त्वाचं. तीन महिने एकेक फूल येत राहिलं तर मधमाशीला परागकण न्यायला दुसरं फूलच मिळत नाही. या जातीला परागासाठी जोडीदार झाड लागत नाही असं सांगितलं जातं, पण जागा असेल तर जवळ ॲना आणि डॉर्सेट गोल्डन लावा. ॲना इस्रायलची, डॉर्सेट गोल्डन बहामाची, दोन्ही कमी थंडीच्या आणि साधारण एकाच वेळी फुलणाऱ्या. ॲना एकटी लावू नका, तिला परका पराग लागतो.

पावसाळ्यात खोडाशी पाणी साचतं का ते बघा. काळ्या मातीत सफरचंद थंडीअभावी मरत नाही, बुंधा कुजून मरतं. झाड एक-दीड फूट उंच वरंब्यावर हवं आणि कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर. एप्रिलमध्ये खोडाला चुना लावा, वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी.

आणि कोणी द्राक्षाच्या पेस्टचा सल्ला देईल. नाशिककडे काडीवर लावतात ते हायड्रोजन सायनामाइड. त्याने कळ्या फुटतात हे खरं, पण ते त्वचेतून अंगात भिनतं, आणि त्या दिवसांत दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. अंगणातल्या एका झाडासाठी तो उद्योग नको.

कंदमूळ

ट्यूलिपचं खरं आहे, पण एका हंगामापुरतं.

कंदाच्या पोटात फूल आधीच तयार असतं. थंडी लागते ती दांडा लांबायला. ४ ते ९ अंशांत १२ ते १६ आठवडे. ती मिळाली नाही तर फूल पानांच्या बेचक्यातच अडकतं किंवा सुकून जातं. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, चिकू ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कंदातलं फूल आतच मरतं. बाहेरून कंद टणक दिसतो, म्हणून दोष मातीला जातो.

सोपा मार्ग म्हणजे आधीच थंडी दिलेले कंद मागवणं. आल्यावर लागवडीपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिले तर केलेली मेहनत वाया. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला कुंडीत चार-पाच इंच खोल लावा, निम्मी वाळू, दुपारी बारानंतर सावली. फूल गेल्यावर कंद जपून ठेवायच्या भानगडीत पडू नका. नवा कंद भरायला फुलानंतर लांब, गार वसंत लागतो. श्रीनगरला तो आहे. आपल्याकडे मार्चमध्येच पारा ३५ कडे जातो. कायमचं काही हवं तर निशिगंध लावा.

पळसमैना

शरदाचा प्रश्न राहिला. चूक भाषांतराची.

आपले सहा ऋतू पावसाभोवती गुंफलेत. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पाऊस नुकताच सरलेला, जमिनीत ओल भरपूर. पानं टाकायचं झाडाला कारणच नाही. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनात, ओल आटल्यावर. माळव्यातला साग आणि पळस पानं टाकतात ते उन्हाळ्यात पाणी वाचवायला. पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतो.

चार ऋतूंच्या प्रदेशातही मुळाशी पाण्याचंच कारण आहे. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, आणि पानं असली तर वाफ होतच राहते. शिवाय सूर्य इतका खाली की पान पोसण्याचा खर्चही निघत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात झाड पानातलं नत्र काढून खोडात नेतं, हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो, त्याला लख्ख ऊन आणि गार रात्री लागतात. सफरचंदाच्या सालीचा लालही त्याच जातीचा, अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. तेव्हा सुदामानगरकर, इंदुरात मे-जूनमध्ये फळ आलंच तर ते पिवळट-हिरवं असेल. ते कच्चं समजून झाडावर ठेवू नका, पहिल्या पावसात फुटेल.

जाता जाता, तिकडे थंडीचा हा हिशेब आता बिघडतोय. क्योटोला चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत. २०२१ मध्ये बहर २६ मार्चला ऐन भरात आला, तोवरच्या इतक्या शतकांत सर्वांत लवकर.

सुदामानगरकर

सगळ्यांचे आभार. युरिया आजपासून बंद. काळी_माती, पानं याच आठवड्यात कापतो. पण सफरचंदाऐवजी पीच लावलं असतं तर?

काळी_माती

बरं झालं असतं. पीचच्या फ्लोरिडा प्रिन्स जातीला दीडशे तासांच्या आसपास थंडी पुरते, शान-ए-पंजाबला त्याहून जास्त. इथे पहिलीच घ्या. पीचला जोडीदार लागत नाही, आणि फळ मे अखेरच्या आत उतरतं. फक्त छाटणी उलट: पीच मागच्या वर्षीच्या काडीवरच फुलतं, म्हणून दरवर्षी एक तृतीयांश लाकूड काढावं लागतं. सफरचंदासारखी हात राखून छाटणी केली तर तीन वर्षांत फळं शेंड्यावर जातात.

आणि किमान-कमाल थर्मामीटर घेणार असाल तर तो जमिनीपासून चार फुटांवर, सावलीत, वारा खेळेल असा टांगा. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ नको. टाकी आणि स्लॅब रात्रभर उष्णता सोडतात, आकडा दोन-तीन अंश जास्त दिसतो आणि हिशेब तिथेच चुकतो.