राधिकाचं लग्न 27 तारीख (फक्त कामाचे मेसेज)

उषाआत्या: मीनल, त्या मेकअपवालीची यादी आत्ता पाहिली. कुंदनचा चोकर, माथापट्टी आणि कलिरे?? आपल्यात कलिरे कधीपासून? आणि मुंडावळ्यांचा अख्ख्या यादीत पत्ता नाही.

आई: उषाताई, ती रिसेप्शनची यादी आहे. सकाळची वेगळी. राधिका टाकतेय.

उषाआत्या: रिसेप्शनला तरी कशाला? मुलगा कोल्हापूरचा आहे, अमृतसरचा नाही.

तेजस: आत्या, राहू दे गं. नवरीच्या बांगड्यांना लटकणारे कलिरे डोक्यावर पडले की पुढचं लग्न त्याचं म्हणतात. मी खाली उभा राहतो.

उषाआत्या: तू आधी नोकरीत टिक.

राधिका: आत्या, कलिरे काढले. सकाळचं असं आहे: गौरीहर आणि मंगलाष्टकं मामाच्या पिवळ्या अष्टपुत्रीत. त्यावर हिरवा चुडा, नथ, मुंडावळ्या, बस्स. मग होमाला पिस्ता रंगाची नऊवारी, जांभळे काठ. त्यावर सगळं मोत्याचं. चिंचपेटी, तन्मणी, मोत्याचे कान, मोत्याच्या बांगड्या. सोनं नको.

विनायककाका: हॉलवर दागिन्यांच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार?

उषाआत्या: पिस्ता??

उषाआत्या: आणि सोनं नको म्हणजे? लोक म्हणतील माझ्या भावाने मुलीच्या अंगावर गुंजभर घातलं नाही.

तेजस: तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय. लोक म्हणतील शहाणा आहे.

विनायककाका: तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. सराफ हल्ली 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतो. वर 3 टक्के जीएसटी, घडणावळ वेगळी. घेतलंच तर हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बघून घ्या, 2023 पासून सक्तीचा आहे.

आई: भावोजी, आपण काहीच विकत घेत नाही आहोत.

विनायककाका: माहितीसाठी सांगितलं. किल्लीचं बघा.

प्राचीवहिनी: आत्या, मला राधिकाचं पटतंय. फिक्या साडीवर ठुशी, लक्ष्मीहार, मोहनमाळ चढवली की साडी दिसतच नाही, नुसता पिवळा गळा दिसतो. सोनं खुलतं ते हिरव्या नाहीतर लाल पैठणीवर, रुंद काठ असले की. माझ्या लग्नात मी सहा हार घातले होते. फोटोत मंगळसूत्र शोधावं लागतं.

सुलभाकाकू: ते सहा हार मीच घातले होते हो. सून पहिलीच होती. 🙏

प्राचीवहिनी: आई, तसं नव्हतं म्हणायचं.

सुलभाकाकू: नाही नाही, बरोबरच आहे तुझं.

नानामामा: नमस्कार मंडळी. मुलाकडचे साज घालणार आहेत, हे सर्वांना ठाऊक असावं. अस्सल कोल्हापुरी, 21 पानांचा. दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची. हल्ली दहा-बारा पानांत उरकतात, यांनी पुरा केलाय. तो डबीत ठेवून मोती मिरवले तर व्याह्यांना काय वाटेल?

राधिका: मामा, साज गृहप्रवेशाला घालणार. मोरपंखी पैठणी आहे तेव्हा, त्याच्यावर साजच हवा. सासूबाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या.

नानामामा: मग उत्तम. चुडा भरायला कासार 25 ला सकाळी 9 वाजता येतोय. माप दोन-चार की दोन-सहा ते कळवा. अष्टपुत्री आजच घेतली. पिवळीच आहे, पिस्ता नाही. 😀

उषाआत्या: चुडा भरल्यावर आधी घरचं देवाचं होऊ दे, मग मेंदीवालीला बोलवा.

विनायककाका: परत विचारतो, खोलीची किल्ली कोणाकडे? नाशिकला हाच घोळ झाला होता.

उषाआत्या: दादा, नाशिकचा विषय कशाला?

विनायककाका: विषय नाही. किल्ली.

राधिका: सुलभाकाकू, बाकी मोती मी भाड्याने ठरवतेय. फक्त तन्मणी आजीचाच घालायचा आहे. चालेल ना?

राधिका: काकू?

सुलभाकाकू: चुडा दोन-चारचाच सांगा. राधिकाचा हात बारीक आहे. मोठा घेतला तर कोपरापर्यंत जातो.

राधिका: हो काकू. आणि तन्मणी?

सुलभाकाकू: अगं तुझाच आहे तो. पण दिवाळीपासून पटवेकऱ्याकडे पडलाय ओवायला. रोज फोन करते, रोज उद्या म्हणतो. त्याच्यावर विसंबू नकोस गं. मोत्याचा तन्मणी बाजारात छान मिळतो, पाच सराचासुद्धा.

उषाआत्या: आईचा तन्मणी आणि बाजारातला, फरक आहे थोडा.

सुलभाकाकू: फरक आहे ना. म्हणून तर जपायला लागतं.

विनायककाका: तन्मणी लॉकरमध्ये आहे की. सोमवारी एफडीची पावती ठेवायला गेलो तेव्हा डबी उघडून पाहिली. निळी मखमलीची.

तेजस: काका 🙏

प्राचीवहिनी: नथीचं काय ठरलं?

आई: हो, नथ राहिलीच!

राधिका: नाक टोचलेलं नाही, त्यामुळे दाबाची.

प्राचीवहिनी: मग अगदी हलकी घे. माझी जड होती. सप्तपदीत तिसऱ्या पावलाला निसटून तांदळाच्या राशीत पडली. गुरुजी म्हणाले थांबू नका, चार पावलं बिननथीची. दाब हळूच चिमट्याने आवळून घे आणि घरी तासभर घालून बस. होमाच्या धुराने शिंक येते, तीही करून बघ.

तेजस: शिंकेची रंगीत तालीम. हॉलवाल्याला तारीख सांगून ठेवू का?

नानामामा: मोठा चेहरा असेल तरच मोठी नथ. राधिका लहानखुरी आहे.

आई: मंगळसूत्र घालताना शेला आधी काढून घ्यायचा, हे कोणीतरी लक्षात ठेवा. आमच्या वेळी ह्यांचा हात मुंडावळ्यांत अडकला होता.

बाबा: 👍

उषाआत्या: चिंचपेटी गळ्याला घट्ट असावी, तन्मणी तिच्या खाली, आणि मधे मंगळसूत्राला जागा. खोपा घालायचा, अंबाडा नको. खोप्यावर अग्रफूल आणि एकच गजरा. मुंडावळ्यांची गाठ खोप्याच्या वर मारायची, नाहीतर सारख्या डोळ्यांवर येतात. हे मेकअपवालीला लिहून द्या. तिला कळणार नाही.

राधिका: आत्या, म्हणजे पिस्ता चालेल?

उषाआत्या: तन्मणी असेल तर चालेल.

सुलभाकाकू: लॉकरमध्येच आहे. ओवायला द्यायचा होता, दिला नाही. मोती चांगले आहेत, रेशीम झिजलंय. तसाच घातला आणि तुटला तर होमाच्या राखेत मोती वेचत बसाल. उद्या काढते आणि पटवेकऱ्यासमोर बसून ओवून घेते. सायलीच्या वेळीही मी नाही म्हटलं नव्हतं, आठवत असेल सगळ्यांना. तन्मणी घाल, राधिका. वाकी मात्र जोडीतली एकच राहिली आहे माझ्याकडे. ती कोणी मागू नका.

तेजस: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

उषाआत्या: मुंडावळ्या मी आणते. मोत्याच्याच, दोन जोड्या. नवऱ्या मुलाच्या कोणाच्या लक्षातही नसतील.

राधिका: काकू, थँक्यू. खरंच. मी पण येते पटवेकऱ्याकडे.

सुलभाकाकू: ये. साडीचा तुकडा घेऊन ये. गोंडा जांभळा घ्यायचा की कसं ते तिथे बघू.

विनायककाका: बँकेत जेवणाच्या सुट्टीआधी पोचा. आणि हॉलच्या खोलीची किल्ली?

आई: किल्ली सुलभावहिनींकडे राहील. फक्त त्यांच्याकडे.

सुलभाकाकू: बरं. त्या खोलीचं दार आतून लागत नाही, मी साखरपुड्यालाच पाहिलंय. 26 च्या आत कडी बसवून घ्या.