आजीची १४ कॅरेटची अंगठी: साखरपुड्याला घालू की मोडू?

वडगावचा_पोरगा
दिवाळीनंतर माझा साखरपुडा आहे, मुलगी निपाणीची. तिला शोरूमची अंगठी नको, "जुनी काहीतरी बघ" म्हणते. घरात आजीची लग्नातली अंगठी आहे. पावणेचार ग्रॅम, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा लाल खडा, मागून कोंदण बंद. तळहाताकडची बाजू एवढी झिजलीय की नखानं दाबली तर वाकेल.

आजीला घेऊन बेळगावच्या शहापुरात एका सराफाकडे गेलो. मशीनवर टच, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते, ५८ आला. तो हसला, "आजोबांना कुणीतरी १४ कॅरेट गळ्यात मारलंय की ओ. मोडा आणि नवी घ्या." आजी काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर अंगठी मागून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

त्यानंच दुसरी एक जुनी अंगठी दाखवली होती, पैलू पाडलेल्या हिऱ्यांची, चार ग्रॅमच्या वर. हॉलमार्क नाही, "जुन्याला लागत नाही" म्हणाला. कुठली घेऊ?

खानापूरचे_तात्या
आधी सांग, आजीचं लग्न कुठल्या साली झालं? १९६३ ते ६६ मधलं असेल तर फसवाफसवी काही नाही. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ ला सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजीभाई अर्थमंत्री होते. १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायलाच बंदी! माझे वडील तेव्हा दागिने घडवायच्या कामावर होते. २२ ची सवय असलेल्या हाताला ते कडक सोनं दाद देईना, दिवसभर शिव्या घालायचे. कितीतरी सोनार धंदा सोडून गेले. ५८ टच म्हणजे बरोब्बर १४ कॅरेट. कायदा पाळणाऱ्या सोनारानं केलेली अंगठी आहे बाळा, त्या सराफाला सांग जाऊन.

टिळकवाडीची_भिंगवाली
तात्यांचं पटलं. माझं खड्याबद्दल. त्या काळात कारखान्यातलं माणिक सर्रास वापरायचे. १० पटीच्या भिंगातून आत वक्र रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर ते बनवलेलं. म्हणून काढून टाकू नका, जुन्या अंगठीला तेच शोभतं. बंद कोंदणात खड्याखाली बहुतेक चमकीचा पत्रा असतो, पाणी गेलं की खडा काळवंडतो. तेव्हा भांडी घासताना, अंघोळीला अंगठी काढायची.

दुकानातल्या अंगठीचं म्हणाल तर "जुन्याला लागत नाही" ही थाप आहे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा क्रमांक) नसलेला सोन्याचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्याला आणि कुंदन, पोलकी (पैलू न पाडलेले हिरे), जडावाला सूट आहे, पण नुसता जुना आहे म्हणून सूट नाही. घरचं सोनं घरात ठेवायला, घालायला कसलीच अडचण नाही.

खानापूरचे_तात्या
आणि झिजलेली बाजू बदलताना कारागिराला बजावून सांग, पट्टी १४ चीच घाल. २२ ची घातली तर जोड पिवळा उठून दिसतो. झाळण्याआधी खडा काढायला लाव. बोटाचं माप संध्याकाळी घे, सकाळी बोट बारीक असतं.

वडगावचा_पोरगा
तात्या, बाबांनी ट्रंकेतून लग्नपत्रिका शोधून काढली. मे १९६४! तुमचं लिहिलेलं आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, "तुझा आजा सांगत होता, सोनं कडक आहे, जपून वापर. मला वाटलं, मी काम जास्त करते म्हणून टोमणा मारतोय."

दुकानातली अंगठी रद्द. निपाणीहून दोऱ्याचं माप आलंय, संध्याकाळचंच. आता १४ ची पट्टी घालून देणारा कारागीर कोल्हापूरच्या गुजरीत बघू की इकडंच कुणी आहे? आजी म्हणते, अंगठीबरोबर तीही येणार आणि काम होईपर्यंत तिथंच बसणार.

खानापूरचे_तात्या
इकडंच आहे. मेसेज कर. आजीसाठी खुर्ची ठेवायला सांगतो.