छापखाना आणि फोटो स्टुडिओचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न: पुस्तकाचं दुकान, छापखाना आणि स्टुडिओ, तिन्ही एकाच घराण्याचे. हाती पुठ्ठ्यावरचे फोटो नि काही पुस्तिका आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी फोटो उलटा करा! मागे छायाचित्रकाराचा पत्ता बहुधा छापलेला असतो; तो बदलला की कालक्रम लागतो. आकारही बघा: साधारण ६ बाय १० सेंटिमीटरच्या फोटो-कार्डाचं पेटंट फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरीने पॅरिसमध्ये १८५४ साली घेतलं, त्याहून मोठं फोटो-कार्ड, म्हणजे कॅबिनेट कार्ड, १८६०च्या दशकात आलं.

उत्तर २: पुस्तिकेत मुद्रकाचं नाव शोधा. पानामागे अक्षरांचा उठाव बोटाला लागला, तर ती खिळ्यांची (धातूची सुटी अक्षरं कागदावर दाबून केलेली) छपाई. आणि हँडबिलं, पावत्या कुणाला टाकू देऊ नका हो, दुकानाचा रोजचा व्यवहार त्यांतच सापडतो.

प्रश्नकर्ता: दोन फोटोंमागे वेगवेगळे पत्ते निघाले! आता पावत्यांशी ताडून बघतो.