ग्रंथपाली सोडून दुसरीकडे वळलात का? अनुभव लिहा

मुळाकाठची: काल १२ ऑगस्ट. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस, म्हणजे आपला ग्रंथपाल दिन. जुन्या ग्रुपवर हार घातलेल्या तसबिरीचे फोटो आले आणि सगळं आठवलं. विनाअनुदानित कॉलेजात होते. पगार कधी होईल ते विचारायचं नाही, नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हटलं की रात्री आठपर्यंत फायली. चाळिशी उलटल्यावर सोडलं. आता बाणेरला एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत 'टॅक्सॉनॉमी' बघते, म्हणजे कुठला माल कुठल्या खणात. मुलाखतीत विचारलं, वर्गीकरणाचा अनुभव? म्हटलं, विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची ड्यूईची पद्धत १८७६ची, तुमची कंपनी कधीची? हसले आणि घेतलं.
पहिलं भांडण शिवलेल्या नऊवारीवरून. साडीत की तयार कपड्यांत? एक पोरगा म्हणे दोन्हीकडे टाकू. म्हटलं, मुख्य जागा एकच, दुसरीकडे 'पाहा' नोंद. कार्डाच्या कपाटात हेच तर करायचो! तुमचंही सांगा.

शनिपारकर: भारी!! मसाल्याचे डबे ६४१.५ला, ड्यूईच्या स्वयंपाकाच्या आकड्याला लावलेत का घरी?

मुळाकाठची: सासूबाई आहेत, त्यांची स्वतंत्र पद्धत आहे.

कंदील: मी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात होतो. अनुदानाचा हप्ता आला की पगार. आता सदाशिव पेठेत अभ्यासिका सांभाळतो, सगळी एमपीएससीची पोरं. पुस्तक एक नाही, खुर्च्या आणि चार्जिंगचे पॉइंट. सकाळी सहाला दार उघडतो तर जिन्यात रांग. बाटली ठेवून जागा धरतात, मालक आंघोळीला गेलेला. पण फी पहिल्या तारखेला येते. वाचनालयात वर्गणी मागायला गेलो की लोक आत कुकर लावलाय म्हणायचे.

ओली_माती: कंदील, मुलीसाठी जागा मिळेल का? खिडकीजवळची

कंदील: ताई, खिडकीवर वेटिंग आहे.

निवांतपणे: मेडिकल कॉलेजातून बाहेर. औषध कंपन्यांसाठी शोधनिबंध काढून देते. माणूस 'हार्ट अटॅक' टाकून शोधतो, मेशचा, म्हणजे वैद्यकीय विषयांच्या ठरलेल्या शब्दयादीचा, मथळा 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. समानार्थी शब्द जमवून शोध बांधायचा, बाकी काही नाही. घरूनच काम. ह्यांना वाटतं मी दिवसभर मोबाइल बघते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, नंतर लिहिते

खडकमाळ: नेट-सेट झालेल्यांनी अनुदानित जागेची वाट बघावी असं माझं मत.

मुळाकाठची: बघा हो. आमच्यातले काही बघता बघता निवृत्तीच्या वयाला आले. तिथेही भरती निघेल तेव्हा निघेल.

शनिपारकर: आणि रंगनाथन स्वतः कुठे ग्रंथपाल होते आधी? गणित शिकवायचे. १९२४ला मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, कंटाळून परत शिकवायला निघाले होते. लंडनला जाऊन आले तेव्हा कुठे रमले.

निवांतपणे: म्हणजे ते आत आले, आपण बाहेर 😄

ओली_माती: पगाराचं बोला ना कोणीतरी. भाची एम.लिब. करतेय, घरात रोज वाद.

मुळाकाठची: आधीपेक्षा बराच बरा. पण उन्हाळ्याची सुट्टी गेली आणि पंचविशीतला साहेब नावाने हाक मारतो. पहिले काही दिवस मान वळायचीच नाही, 'मॅडम'ची सवय. भाचीला सांगा, एक्सेल आणि एसक्यूएल आत्ताच शिक म्हणावं. आणि कोहा, ते ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, नुसतं वापरू नको, आतून बघ. फुकट आहे, घरच्या संगणकावर चालतं.

खडकमाळ: विषयांतराबद्दल माफी. दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, १९८५पासूनचे. कोणाला हवेत? रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही.

कंदील: मला! सगळे!

निवांतपणे: तुमच्याकडे पुस्तक एक नाही म्हणालात ना?

कंदील: पोरांना नाही हो, मला.

खडकमाळ: रविवारी या. दुचाकी आणू नका, दोघं लागतील उचलायला. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.